उतरणीवरची फटफटी



मोटारसायकलीस आपल्या लोकांनी 'फटफटी' हे नाव दिले ते तिच्या आवाजावरून. नाव ठेवणाराने तिची चाके मोजली नाहीत, तिचा रंग पाहिला नाही. त्याने फक्त कान दिला. आजच्या गाड्या पुष्कळ शांत झाल्या आहेत आणि ते नावही आता वडीलधाऱ्यांच्याच तोंडी उरले आहे. त्याबरोबर कान देण्याचा गुणही आपण सोडला की काय, अशी शंका मला अधूनमधून येते. गाडी निराळा आवाज करू लागली म्हणजे आपण एक तर तिकडे दुर्लक्ष करतो, नाही तर घाबरून खिसा रिकामा करतो. ऐकत मात्र नाही. आज अशाच एका आवाजाविषयी लिहावयाचे आहे: चालत्या गाडीची रेस सोडली, वेग उतरू लागला, की सायलेन्सरमधून फट्ट, फट्‌फट्ट असे जे बार निघतात, त्यांविषयी.

गेल्या कापसाच्या हंगामातील गोष्ट सांगतो. आमचे भीमपूर म्हणजे आदिलाबाद जिल्ह्याच्या अगदी कडेचा भाग. पैनगंगेच्या पलीकडे महाराष्ट्राचा यवतमाळ जिल्हा, अलीकडे तेलंगण. २०१६ साली जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा भीमपूर हे स्वतंत्र मंडळाचे ठिकाण झाले. तरी कॉलेज म्हणा, मोठा दवाखाना म्हणा, कापसाचा बाजार म्हणा, आदिलाबादची वाट काही सुटलेली नाही. अशा ठिकाणी शंभर सीसीची एक जुनी गाडी म्हणजे घरातील एक कर्ता माणूसच होय. ती बंद पडली की मुलीचे कॉलेज बुडते, फवारणीचे औषध वेळेवर येत नाही आणि आजाऱ्याला कोणाच्या तरी दारात जाऊन उभे राहावे लागते.

असाच एक ओळखीचा शेतकरी एका संध्याकाळी गाडी ढकलीत नव्हे, पण ढकलावी लागणार अशा चेहऱ्याने माझ्याकडे आला. म्हणाला, "फादर, ह्या गाडीचं काही खरं नाही जी. उतारावर रेस सोडली का सायलेन्सरातून फटाके फुटते. शहरातला मेकॅनिक म्हणते, हेड खोला लागते, सात हजार लागन."

आदल्या आठवड्यात तो बायकोला मागे बसवून निर्मलला लग्नास गेला होता. आदिलाबादहून निर्मलला जाताना महबूब घाट उतरावा लागतो. त्या घाटात प्रत्येक वळणावर रेस सोडली की मागे बार होई. शेवटी एक एवढा मोठा झाला की बाईने घाबरून नवऱ्याचा खांदा आवळला आणि गाडी तोल जाता जाता सावरली. तेव्हापासून ती त्या गाडीवर बसावयास तयार नव्हती. आणि सात हजार रुपये म्हणजे त्या घरी मुलीच्या परीक्षेची फी आणि दिवाळीची उधारी मिळून होणारी रक्कम होती.

मी काही मेकॅनिक नव्हे. पण वीस वर्षे ह्या वाटांवर गाडी हाकीत आहे आणि गाडीने मला बरेच काही शिकविले आहे. त्याहून अधिक माझ्या चुकांनी शिकविले आहे. त्यांपैकी एक पुढे सांगेनच. मी त्याला एवढेच म्हटले, "पैसे द्यायचे तर द्या, पण आधी दोन दिवस थांबा. आवाज कोठून येतो ते पाहू."

प्रथम हा आवाज होतो कसा ते समजून घेतले पाहिजे. आपल्या घरच्या चुलीचे उदाहरण घ्या. चुलीत ओलसर पऱ्हाटी घातली की ती जळत नाही, नुसती धुमसते. चूल धुराने भरते. गृहिणी फुंकणी उचलून एक जोराची फुंकर मारते, आणि तो साचलेला धूर एकदम 'भप्प' करून पेटतो; कधी कधी तिच्या भुवयांचे केसही होरपळतात. तेथे तीन गोष्टी एकत्र आल्या: न जळलेले इंधन धुराच्या रूपाने होते, निखाऱ्याची धग होती, आणि हवा नव्हती ती फुंकरीने मिळाली. ह्या तिन्हींपैकी एक जरी नसती तरी भपका झाला नसता.

सायलेन्सरमध्ये नेमके हेच घडते. गाडीचे इंजिन ४,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर चार टप्प्यांच्या इंजिनात मिनिटाला २,००० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ वेळा पेट्रोल पेटते. आपण रेस सोडली की हवेची वाट जवळजवळ बंद होते. पण गाडी वेगात असल्यामुळे चाकेच उलट इंजिनाला फिरवीत राहतात. पिस्टन खाली ओढतो आणि आत येण्यास हवा नाही, त्यामुळे प्रचंड ओढ निर्माण होते. आत येते ते थोडेसे मिश्रण. त्यात मागचा जळका वायूही राहिलेला. अशा मिश्रणाला ठिणगी लागली तरी ते कधी पेटते, कधी पेटत नाही. जे पेटले नाही ते कच्च्या पेट्रोलच्या वाफेसह तसेच बाहेर, तापलेल्या बेंड पाइपात ढकलले जाते. इंधन झाले, धग झाली. आता तेथे कोठून तरी ताजी हवा मिळाली आणि मागून एखादी ज्वाला आली की भपका होतो. हाच तो 'फट्ट' असा आवाज.

म्हणून निदान करावयाचे ते ह्या तीन गोष्टींचे. धग तर राहणारच; इंजिन चालले म्हणजे पाइप तापणारच. तेव्हा प्रश्न दोनच उरतात: न जळलेले पेट्रोल नेहमीपेक्षा अधिक का जाते? आणि हवा कोठून शिरते? हे दोन प्रश्न मनात पक्के धरले तर कोणीही आपणास उगाच घाबरवू शकणार नाही.

येथे एक भेद सांगून ठेवतो. बार मागे सायलेन्सरमध्ये होणे निराळे आणि पुढे कार्बोरेटरमधून इंजिन 'खोकणे' निराळे. दुसऱ्याची कारणे वेगळी आहेत. आजचा विषय पहिल्याचा आहे. शिवाय लांब उतारावर एखाद-दुसरा हलका फटका कित्येक धडधाकट गाड्याही देतात. त्याने झोप उडवून घेण्याचे कारण नाही. काळजी करावी ती जो आवाज नव्याने सुरू झाला, जो वाढत चालला, किंवा ज्याच्याबरोबर गाडीची ताकद कमी झाली, त्याची.

आता त्या शेतकऱ्याच्या गाडीकडे वळू. मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "आवाज कधीपासून येतो, आणि त्याच्या आधी गाडीचे काय काम केले होते?" डॉक्टरही आधी हेच विचारतो. पुष्कळ विचार केल्यावर तो म्हणाला, "दसऱ्याच्या सुमारास सायलेन्सर वेल्डिंग करून आणला होता." हे ऐकताच माझे अर्धे काम झाले. सायलेन्सर काढला होता, परत बसविला होता. म्हणजे बेंड पाइप इंजिनाच्या हेडला जेथे जोडला जातो तेथील सांधा उघडला गेला होता.

त्या सांध्यात धातूचे एक कडे असते; आपण त्याला पॅकिंग म्हणतो. ते दाबले जाऊनच सांधा घट्ट करते, आणि एकदा दाबले गेले की त्यात पुन्हा दबण्याची ताकद उरत नाही. पाइप काढला की ते नवे घालावे हा नियम आहे. पण दुकान दूर, काम घाईचे. मग जुनेच परत बसते. अशा सांध्यातून वायू बाहेर फुसफुसतो एवढेच नव्हे, तर हवा आतही शिरते. ही गोष्ट पुष्कळांना खोटी वाटते. पण सायलेन्सरमधील वायू नदीसारखा सलग वाहत नाही. तो एकेका धक्क्याने जातो, आणि प्रत्येक धक्क्याच्या मागे क्षणभर पोकळी येते. त्या क्षणी सांध्याची फट बाहेरची हवा ओढून घेते. चुलीतली फुंकर ती हीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, आम्ही ती अंगणात उघड्यावर उभी केली. उघड्यावर हे मुद्दाम लिहितो. बंद खोलीत किंवा पडवीत इंजिन चालवून कोणी तपासणी करू नये. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पुष्कळदा माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्याला काही कळत नाही. प्रथम सांधा निरखून पाहिला. हेडजवळ काळी काजळी पंख्यासारखी पसरली होती. मग साबणाचे दाट पाणी त्या सांध्यावर सोडले आणि इंजिन सुरू केले. लगेच बुडबुडे फुटू लागले. शेवटी त्याच्या मुलीने ओल्या फडक्याची जाड घडी करून सायलेन्सरचे तोंड दोन-तीन क्षण अर्धवट झाकले, तशी सांध्यातून 'फुस्स' अशी स्पष्ट वाफ निघाली. हे सर्व पहिल्या मिनिट-दीड मिनिटातच करावे. पाइप तापल्यावर हात भाजतो.

गावातल्याच एका फिटरने नवे पॅकिंग घातले, दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले, एकच नट एकदम आवळला नाही, आणि मागच्या क्लॅम्पचाही बोल्ट घट्ट केला. पॅकिंगचे चाळीस रुपये आणि मजुरीचे शंभर. आवाज नव्वद हिस्से गेला.

नव्वद हिस्से म्हणतो, कारण थोडा उरला होता. आणि येथेच मला माझी स्वतःची चूक आठवली.

काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीलाही हाच विकार जडला होता. कोणीतरी सांगितले, कार्बोरेटरचा पेच फिरवा, मिश्रणात पेट्रोल वाढवा, आवाज जाईल. मी फिरविला, आणि आवाज खरोखर गेला! मी मोठ्या अभिमानाने ही युक्ती चार जणांना सांगितली. पुढे गाडीचा ॲव्हरेज लिटरला साठ किलोमीटरवरून पंचेचाळिसावर आला. प्लग काजळला. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी लवकर सुरू होईना. शेवटी एका रात्री एका आजारी म्हाताऱ्याकडे जाताना ती रानात बंद पडली आणि मला चार किलोमीटर चालत जावे लागले. पोहोचावयास फार उशीर झाला. नंतर पाहिले तो बेंड पाइपाचे पॅकिंगच जळाले होते. मी रोग बरा केला नव्हता, रोग्याचे तोंड बांधले होते. आवाज हे गाडीचे दुखणे नव्हे. तो तिचे सांगणे आहे. तो बंद करणे आणि त्याचे कारण दूर करणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तेव्हा उरलेल्या दहा हिश्शांसाठी आम्ही पेचाला हात लावला नाही. क्रमाने पुढे गेलो. तो क्रम येथे देतो, कारण त्यात स्वस्त आणि सोपे ते आधी येते, महाग आणि अवघड ते शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, म्हणजे गुण कशाने आला ते कळते.

सांध्यानंतर प्लग पाहावा. चांगल्या चाललेल्या प्लगचे टोक फिकट तपकिरी असते. ते पांढुरके दिसले तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते. कोरड्या काळ्या काजळीने भरले असेल तर पेट्रोल जास्त जाते. प्लग झिजला असेल, त्याची फट वाढली असेल, तर ठिणगी दुबळी पडते आणि रेस सोडल्यावरचे ते विरळ मिश्रण ती पेटवू शकत नाही.

मग एअर फिल्टर. आमच्या भागात उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ आणि हंगामात कापसाचा तंतू दोन्ही त्यात जाऊन बसतात. फिल्टर कोंदला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त, म्हणजे कच्चे पेट्रोल सायलेन्सरकडे. कागदी फिल्टर धुऊ नये, बदलावा.

त्यानंतर कार्बोरेटर आणि इंजिन ह्यांमधील रबर. जुन्या गाडीत त्यास बारीक भेगा पडतात आणि त्यातून मोजमापाबाहेरची हवा शिरते. इंजिन स्लोवर चालू ठेवून त्या रबरावर साबणाचे पाणी थेंब थेंब सोडावे. इंजिनाचा सूर बदलला तर तेथे भेग आहे असे समजावे. काही जण ह्या तपासणीसाठी पेट्रोल शिंपडतात. तसे कदापि करू नये. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण होय.

पेट्रोल कमी पडते की जास्त जाते, हे ओळखण्याची एक फुकट युक्ती कार्बोरेटरच्या गाडीत आहे. रिकाम्या, सरळ रस्त्यावर, आवाज येत असताना चोक किंचित ओढून पाहावा. चोकने पेट्रोलचे प्रमाण वाढते. आवाज कमी झाला तर मिश्रण पातळ होते. आवाज वाढला तर ते आधीच दाट होते. आमच्या ह्या गाडीत चोक ओढताच उरलेला आवाज थांबला. म्हणजे मिश्रण पातळ होते. प्लगही पांढुरका निघालाच होता.

पातळ होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कार्बोरेटरमधील स्लो जेट बुजणे. त्याचे छिद्र केसासारखे बारीक असते. गाडी फार दिवस उभी राहिली की पेट्रोलचा चिकट गाळ त्यात बसतो. रेस सोडल्यावर पेट्रोल येते ते ह्याच वाटेने, म्हणून ही वाट बुजली की खोड उतारावरच दिसते, चढावर दिसत नाही. फिटरने कार्बोरेटर काढून तो जेट धुतला, हवेने फुंकला. तारेने टोकरला नाही, कारण तारेने छिद्र मोठे होते. सर्व साफ झाल्यावरच पेच लावावा, आणि तोही अर्ध्या अर्ध्या फेरीने. पेच इंजिनाच्या बाजूस असेल तर तो सैल केल्याने पेट्रोल वाढते, फिल्टरच्या बाजूस असेल तर सैल केल्याने हवा वाढते. हे न जाणता फिरविणारे बिघाडच वाढवितात.

आणखी एक कारण अलीकडच्या कार्बोरेटरच्या गाड्यांत असते. धुरातील कच्चे पेट्रोल जळावे म्हणून कंपनीच एका नळीने थोडी ताजी हवा मुद्दाम सायलेन्सरच्या वाटेवर सोडते. रेस सोडली की ही हवा बंद करण्यासाठी तेथे एक झडप असते. तिला जाणारी बारीक रबरी नळी फाटली किंवा निघाली की झडप बंद होत नाही, आणि नको त्या वेळी हवा मिळून बार होतात. ती नळी आधी डोळ्यांनी पाहावी; चार आण्यांचे दुखणे असते.

हे सर्व झाल्यावर टॅपेट. इंजिन थंड असताना फिलर गेजने अंतर मोजावे. पुष्कळशा लहान गाड्यांत ते ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान असते, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडाच खरा. टॅपेट खडखडला की लोक लगेच आवळतात. पण फार आवळलेला टॅपेट बोलत नाही, आणि तोच अधिक वाईट. झडप पुरती बसत नाही, तिच्या कडेने ज्वाला निसटते आणि हळूहळू झडप जळते.

शहरातील मेकॅनिक मुद्दाम खोटे बोलला असे मी म्हणत नाही. त्याच्या दारात दहा गाड्या उभ्या असतात. शिवाय कधी कधी हेड खोलावेच लागते. गावातील एका तरुणाची गाडी असेच बार करीत असे. त्याला तो आवाज ऐटबाज वाटे. मित्र वळून पाहत. वर्षभर त्याने तो मिरविला. टॅपेट आवळलेला होता. शेवटी झडप जळाली, किक मारताना पायाला जोरच लागेना, चढावर गाडी दोघांना घेईना. त्याला हेड खोलावे लागले आणि पैसे भरावे लागले. वेळीच ऐकले असते तर काम अर्ध्या तासाचे होते. एकाचे पैसे भीतीने जाणार होते, दुसऱ्याचे ऐटीने गेले.

ह्या ऐटीपायी काही जण चांगला सायलेन्सर काढून पोकळ बसवितात. त्यांना सांगावयास हवे की भारतात दुचाकीच्या आवाजास कारखान्यातून निघतानाच मर्यादा आहे: ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्याहून मोठ्या गाडीस ८०. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाच्या नियमभंगास पहिल्याच गुन्ह्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. महाराष्ट्रात आणि तेलंगणात पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवर रोडरोलर फिरविला आहे.

पेट्रोलविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. २०२३ च्या फेब्रुवारीपासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशात विकले जाऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र झाले. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९ किलो. ह्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते. जुन्या कार्बोरेटरचे माप मात्र पूर्वीच्या पेट्रोलचे. म्हणजे त्याच जेटमधून तेच पेट्रोल आले तरी मिश्रण किंचित पातळ होते, आणि आधीच काठावर असलेली गाडी फटफटू लागते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून गाडी फार दिवस उभी ठेवावयाची असल्यास टाकीत जुने पेट्रोल साचू देऊ नये.

१ एप्रिल २०२० नंतर विकलेल्या भारत स्टेज-६ च्या गाड्यांत प्रकार निराळा आहे. त्यांतील बहुतेकांत कार्बोरेटरऐवजी संगणक पेट्रोल मोजून फवारतो, आणि वेगात रेस सोडली की बहुधा फवारा पूर्ण थांबवितो. पेट्रोलच नाही तर बार कसला? तेव्हा अशी गाडी जोराने फटफटू लागली तर सांधा गळतो आहे असा पहिला संशय घ्यावा. त्या सांध्यातून शिरलेली हवा तेथील ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरलाही फसविते, आणि संगणक चुकीचे माप देऊ लागतो. इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर तपासणीचे यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच गाडी न्यावी. ह्या गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. कच्चे पेट्रोल त्यात जाऊन जळत राहिले तर तो निकामी होतो, आणि तो स्वस्त नाही.

शेवटी एक सवय. पेट्रोल वाचावे म्हणून घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून चावी बंद करणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. चाके इंजिनाला फिरवितात, कार्बोरेटर पेट्रोल देत राहतो, ठिणगी मात्र नाही. ते सर्व पेट्रोल सायलेन्सरमध्ये साचते. खाली आल्यावर चावी लावली की तोफेसारखा बार होतो, सायलेन्सर फाटतोही. हे लिहिताना मी त्या शेतकऱ्याची आठवण केली, कारण शेवटी त्यानेच हळूच कबूल केले. घाटातील तो सर्वांत मोठा बार, ज्याने त्याची बायको घाबरली, तो चावी बंद करून पुन्हा लावली तेव्हाचा होता. आणि दसऱ्याला सायलेन्सर वेल्डिंगला न्यावा लागला, त्याचे कारणही तेच असावे असे आता त्याला वाटते.

सात हजार वाचले. संक्रांतीनंतर ती दोघे पुन्हा निर्मलला जाऊन आली. बाईंनी मला सांगितले ते असे: "घाटात मी पूर्ण वाटभर चावीकडे बघत होते जी."

असो. आपल्या गाडीचा आवाज कधी सुरू झाला, थंडपणी येतो की तापल्यावर, चढावर की उतारावर, आणि त्याच्या आधी काय काम केले होते, ह्या चार गोष्टी कागदावर लिहूनच मेकॅनिकाकडे जावे. चांगल्या मेकॅनिकाला त्याचा आनंदच होतो. पुढील खेपेस चेनची खडखड आणि तिची निगा ह्यांविषयी लिहावयाचा विचार आहे.